मीलीचं लाल अक्षर

ताओ हुआइरेन भित्रा माणूस नव्हता, असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं. तो फक्त सावध होता. सावध माणूस रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो. ताओ वरसुद्धा बघायचा, कारण चीनमधल्या यीबिन शहरात लोक गॅलरीच्या कठड्यावर कुंड्या ठेवतात आणि कुंडीचा काही नेम नसतो. पाणीपुरवठा खात्यात मीटरच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या खिडकीमागे त्याची नोकरी होती. त्या खिडकीला जाड काच आहे म्हणूनच त्याने ती नोकरी धरली, असं त्याची बायको पेई युन चारचौघांत सांगायची. ताओ त्यावर हसायचा, कारण ते खरं होतं.

अशा माणसाची सहा वर्षांची मुलगी मीली येत्या सप्टेंबरात पहिलीत जाणार होती आणि तिला एक अक्षर लिहिता येत नव्हतं.

आता यात पोरीचा काय दोष? बालवाडीत अक्षरं शिकवायची नाहीत, मुलांना खेळू द्यायचं, असा वरून आलेला नियम होता. आणि पहिलीच्या बाई पहिल्या दिवसापासून असं धरून चालायच्या की शब्दागणिक वेगळं असणाऱ्या चिनी अक्षरांपैकी शेदोनशे मुलांना येतातच. मधली दरी ज्याच्या त्याच्या आईबापांनी आपापल्या हिमतीवर ओलांडायची होती, आणि हिंमत हीच ताओच्या घरातली टंचाईची वस्तू होती. त्यात वस्ती समितीच्या प्रमुख चू मावशी समोरच्याच जिन्यात राहायच्या. त्यांचा नातू मीलीच्याच वयाचा, आणि तो अंगणात बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचा. त्याला त्यातलं काही कळत नसे, पण ऐकणाऱ्या बापाची झोप उडायला तेवढं पुरत असे.

ताओने घरभर अक्षरांची कार्डं चिकटवली. दारावर ‘दार’, टेबलावर ‘टेबल’, तांदळाच्या डब्यावर ‘तांदूळ’. गाय, घोडा, डोंगर, पाऊस अशा कार्डांचा वेगळा गठ्ठा केला. मीली ते फटाफट ओळखू लागली तेव्हा ताओला रात्री नीट झोप लागली. मग एकदा त्याने ‘गाय’चं कार्ड हरवलं म्हणून नवीन लिहिलं, आणि मीलीने हे अक्षर जन्मात पाहिलं नसल्यासारखा चेहरा केला. चौकशीअंती कळलं की जुन्या कार्डावर चहाचा डाग होता आणि मीली तो डाग वाचत होती. घोडा ती कुरतडलेल्या कोपऱ्यावरून ओळखायची. डोंगर खरोखर येत होता, पण त्याचा आकारच डोंगरासारखा असल्यामुळे पेई युनने तो धरला नाही.

लिहिणं तर दूरच. चौकटीची वही समोर ठेवली की मीलीची बोटं लोण्याची होत. पेन्सिल खाली पडे, ती उचलायला मीली टेबलाखाली जाई आणि तिथेच राही.

आवारात ही गोष्ट कळायला वेळ लागला नाही, आणि सल्ल्यांची तर रांग लागली. तळमजल्यावरचा जाडा लुओ दिवसभर अंगणात माजाँग खेळायचा. तो सोंगटी आपटून म्हणाला, “हाताला बांध रे पेन्सिल. माझ्या बापाने माझ्या बांधली होती.” लुओला सहीखेरीज काही लिहिता येत नसल्याने ताओने हा सल्ला मनातल्या मनात बाजूला ठेवला. शेजारच्या गुआनकाकूंनी मिरची बंद करायला सांगितली. मिरचीने हात कापतो म्हणे. चू मावशी नुसतं “होईल हो, होईल” म्हणाल्या, आणि तेच सगळ्यांत जास्त लागलं.

कामाचं बोलले ते गुआनकाका. ते रोज सकाळी नदीकाठच्या फरसबंदीवर जाऊन हातभर लांब कुंचला पाण्यात बुडवून मोठाली अक्षरं काढत. पहिली ओळ वाळून जाईस्तोवर शेवटची काढून व्हायची. त्यांच्यासारखे दहाबारा म्हातारे तिथे असत.

“कागदाला घाबरतात पोरं,” गुआनकाका म्हणाले. “कागदावर चूक राहते. पाण्याचं बरं असतं, चूक झाली तरी वाळून जाते. तिला दांडा दे आणि बादली दे. जमीन सगळ्यांची आहे.”

मोडक्या छत्रीच्या दांड्याला स्पंज बांधून ताओने मीलीसाठी कुंचला केला. पोरगी वेडी झाली. अंगणभर ओल्या रेघा ओढत, चिखल तुडवत, गाणं म्हणत फिरू लागली. आता प्रश्न एवढाच होता की लिहायचं काय. तेही तिचं तिनेच ठरवलं.

बालवाडीच्या वाटेवर नदीकडची एक जुनी गल्ली लागायची. ती पाडून तिथल्या लोकांना नवी घरं देणार होते. पाडायच्या घरांवर पालिकेची माणसं लाल रंगात एकच अक्षर काढतात, ‘पाडा’, आणि भोवती मोठा गोल. गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर ते होतं. मीलीने एकदा विचारलं, ताओने सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मीली प्रत्येक भिंतीपाशी थांबून, बोट दाखवून, ‘पाडा, पाडा, पाडा’ म्हणत गेली. डाग नव्हता, कोपरा कुरतडलेला नव्हता. शुद्ध अक्षर होतं. ताओचे डोळे भरून आले. त्याने तिथेच उकिडवं बसून तिच्या तळव्यावर बोटाने गिरवून दाखवलं: डावीकडे हात, उजवीकडे कुऱ्हाड, कुऱ्हाडीला एक ठिपका. आधी कुठली रेघ, मग कुठली, सगळं. तो बिचारा पोरीला शिकवत होता. आपण काय शिकवतोय याचा विचार करण्याइतका सावध तो त्या दिवशी नव्हता.

पुढचा प्रकार दुपारच्या झोपेत घडला. जेवणानंतर यीबिन झोपतं. दुकानदार गल्ल्यावर डोकं ठेवून झोपतो, कुत्री सावलीत झोपतात. पेई युनची दवाखान्याच्या औषधखिडकीवर पाळी होती, आणि मीलीवर लक्ष ठेवायचं म्हणून ताओ वेताच्या खुर्चीत बसला होता. लक्ष ठेवता ठेवता त्याची मान कलली. नेमका त्याच दिवशी आगीच्या नळाला लाल रंग द्यायला एक रंगारी आला होता, आणि तोही बादली जिन्याखाली ठेवून कुठेतरी आडवा झाला होता.

ताओला जाग आली ती शांततेने. समोर मीली उभी होती. कोपरापर्यंत लाल. क्षणभर ताओला ते रक्तच वाटलं.

“बाबा,” मीली आनंदाने म्हणाली, “वाळून गेलंच नाही. राहिलं.”

ताओ चपला न घालता बाहेर धावला. आवाराच्या फाटकाच्या खांबावर, सायकलींच्या छपरावर, दोन्ही जिन्यांच्या तोंडाशी, समितीच्या फलकाखाली आणि गुआनकाकांच्या दाराशेजारी, सगळीकडे तेच. लाल, ओलं, ठळक. डावीकडे हात, उजवीकडे कुऱ्हाड, ठिपका कुठेच विसरलेला नाही, आणि भोवती गोल. छत्रीचा दांडा लांब असल्यामुळे अक्षरं पुरुषभर उंचीवर होती. खरं सांगायचं तर भीतीच्या खालून एक पातळशी अभिमानाची लाट त्याला येऊन गेली, कारण रेघा सुंदर होत्या. मग भीतीने तिला गिळून टाकलं.

त्याने बनियनने खांब पुसायला घेतला. खांब आणखी लाल झाला. गुआनकाकांच्या दारापाशी तो पोचला तेव्हा दार आतून उघडलं आणि गुआनकाकू जांभई देत बाहेर आल्या.

“काय करतोस रे ताओ, बनियन काढून?”

“काही नाही काकू. धूळ होती.”

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. जांभई अर्ध्यावर थांबली.

“अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “आपला नंबर लागला?”

माणसाच्या आयुष्यात असा एखादा क्षण येतो की तेव्हा दोन शब्द बोलले की सगळं मिटतं. ताओने ते दोन शब्द तोंडात जुळवलेही. पण काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यांच्या भिंतींना गेली कित्येक वर्षं ओल होती, संडास वरच्या मजल्याशी सामाईक होता. ताओ म्हणाला, “दिसतंय तरी तसंच.”

“मग पुसतोस काय?” काकूंनी त्याचं बनियन हिसकावून घेतलं. “सरकारी खूण आहे ती. तुरुंगात जायचंय?”

त्यांच्या आवाजाने आवार जागं झालं. लुओ अर्ध्या चड्डीत आला. सगळ्यात शेवटी चू मावशी आल्या. त्यांच्या झोपायच्या कपड्यांवर समितीची लाल पट्टी दंडाला बांधलेली होती. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. चू मावशींना यातलं अर्थातच काही ठाऊक नव्हतं. पण आपल्या आवारात सरकार येऊन खुणा करून जातं आणि आपल्याला कुणी विचारत नाही, हे कबूल करणं त्यांना शक्य नव्हतं.

“मला कल्पना होती,” चू मावशी म्हणाल्या. “जाहीर करायची परवानगी नव्हती.”

झालं. ताओच्या पायाखालची जमीन तिथेच सरकली. आता नुसती मुलीची चूक राहिली नव्हती, समितीचा शब्द मागे लागला होता.

संध्याकाळी पेई युन कामावरून आली, मीलीला जवळ घेतलं आणि तिचा हात हुंगला.

“हुआइरेन, पोरीच्या कोपरांना टर्पेंटाइनचा वास का येतोय?”

ताओने सगळं सांगितलं. पेई युन आधी हसली, खूप हसली, मग तिने दाराकडे बोट दाखवलं.

“जा. आत्ता जाऊन सांग.”

“उद्या सांगतो. आज सगळे आनंदात आहेत.”

“आणि उद्या?”

“उद्या जरा कमी आनंदात असतील.”

उद्या ते जास्त आनंदात होते. नवीन घर म्हणजे लिफ्ट, नवीन घर म्हणजे आपला स्वतंत्र संडास. आणि जुनं पाडताना ते जितकं मोठं दिसेल तितकं नवीन मोठं मिळतं, हे तर नदीकडच्या गल्लीने सगळ्यांना शिकवूनच ठेवलं होतं. लुओने त्याच आठवड्यात खिडकीबाहेर विटा रचून एक खोली उभी केली. तिला छप्पर होतं, दार होतं, फक्त आत उभं राहता येत नव्हतं. झाडांचीही भरपाई मिळते असं कुणीतरी म्हणालं, आणि अंगणात संत्र्याच्या रोपांची अशी दाटी झाली की माजाँगचं टेबल फाटकाबाहेर गेलं. ताओ कामावरून येताना प्रत्येक रोपाकडे बघे आणि त्याला वाटे, हे आपल्याच उरावर लावलंय.

जिन्यात पाऊल वाजलं की तो दचके. दारावर थाप पडली की न्हाणीघरात जाऊन नळ सोडे. आवारातले लोक मात्र त्याला मुद्दाम घरी येऊन सल्ले देत, कारण हा माणूस काहीच बांधकाम करत नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं.

“तू असा भोळा सांब राहू नकोस,” गुआनकाकू एकदा येऊन म्हणाल्या. “घटस्फोट घे.”

“काय?”

“दोन कुटुंबं, दोन घरं. आम्ही परवा घेतला.”

ताओने कपाळावरचा घाम पुसला. गुआनकाका मागेच उभे होते, ठेवणीतला निळा कोट घालून.

“नोंदणी कचेरीतली बाई आधी देईचना,” काका सांगू लागले. “म्हणाली, आजोबा, या वयात? मी म्हटलं, या वयातच कळतं, पोरी. मग दिला. आता ही मला पाव्हण्यासारखा चहा विचारते. जन्मात विचारला नव्हता.”

“आणि हे लोणच्याच्या बरणीला हात लावण्याआधी परवानगी घेतात,” काकू समाधानाने म्हणाल्या. “तुम्ही दोघं उद्याच जा. मी मीलीकडे बघते.”

ते गेल्यावर ताओ भिंतीला टेकून खाली बसला. एका म्हाताऱ्या जोडप्याचा संसार त्याच्या मुलीने छत्रीच्या दांड्याने मोडला होता. आता हे फुटलं तर लोक नुसतं बोलून थांबणार नव्हते. विटा त्यांच्या हाताशीच होत्या.

शेवटी त्याने एक हुशारी करायची ठरवली. पालिकेच्या पाडकाम कचेरीतूनच कुणी सांगितलं की खुणा आमच्या नाहीत, तर सगळं परस्पर मिटेल आणि मीलीचं नावही येणार नाही. तो अर्धी रजा टाकून गेला. तिथेही खिडकी होती, तिलाही काच होती. पण या खेपेला तो काचेच्या चुकीच्या बाजूला होता.

“समजा,” तो म्हणाला, “एका भिंतीवर तुमची खूण आहे, पण ती तुमची नाही.”

“आमची आहे की नाही?” आतल्या कारकुनाने विचारलं.

“नाही.”

“मग आमच्याकडे का आलात?”

“पुसली तर चालेल का, एवढंच विचारायचं होतं.”

“सरकारी खूण पुसायची?” कारकुनाने पेन खाली ठेवलं.

“पण ती सरकारी नाही ना.”

“असं आम्ही लेखी दिलंय का?”

“तेच द्या म्हणतोय.”

“द्यायला फाइल लागते. खूण आमची नाही म्हणजे तिची फाइल नाही. फाइल नाही तर कशात लिहून देणार?”

ताओ स्वतः याच धंद्यातला. समोरच्याचं काम किती निर्दोष आहे हे त्याला मान्यच करावं लागलं. तो मान लववून वळला, तेवढ्यात आतून आवाज आला, “आवार कुठलं म्हणालात?” आणि घाबरलेला माणूस विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, म्हणून ताओने दिलं. कारकुनाने ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

दोन दिवसांनी आवारात एक माणूस टेप घेऊन आला. त्याने फाटक मोजलं, जिना मोजला, लुओची खोली मोजली आणि हसला, आगीच्या नळाकडे बघून मान हलवली आणि निघून गेला. तो कुठल्या खात्याचा, हे कुणीही विचारलं नाही. विचारलं तर नको ते उत्तर यायचं. लोकांनी त्या संध्याकाळी फटाके लावले. ताओला वाटलं, माझ्या एका उत्तराने आता खरोखरच घर जाणार. आणि नाही गेलं तर त्याहून वाईट.

या सगळ्यात मीलीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ते सांगायला ताओलाही आवडलं नसतं.

तिचं लिहिणं थांबवणं भाग होतं. कारण मीलीला एक खोड लागली होती. भिंतीनंतर तिला सगळीच अक्षरं फुटली. डोंगर, गाय, तांदूळ, सगळी एकदम, जणू आत कुठेतरी रांग लावून उभी होती. पण प्रत्येक अक्षराभोवती ती गोल काढायची, आणि गोलाचं टोक खाली डावीकडे नेऊन असं वळवायची की ते एकदा पाहिलेला माणूस विसरणार नाही. भिंतीवर तेच टोक होतं. आवारातल्या कुणीही तिची वही पाहिली असती तर खेळ खलास होता. ताओने छत्रीचा दांडा कपाटावर फेकला, वही गादीखाली घातली आणि मीलीचे दोन्ही हात धरून सांगितलं, “लिहायचं नाही. कुठेच नाही. काहीच नाही. कळलं?”

“का?”

“बाबा सांगतायत म्हणून.”

तो ओरडला नव्हता. पण त्याचा चेहरा इतका घाबरलेला होता की पोरगीही घाबरली. पुढे एकदा जेवताना तिने ताटलीतल्या सोया सॉसमध्ये काडी बुडवून टेबलावर काहीतरी काढलं, वर पाहिलं, ताओची नजर दिसली, आणि घाईघाईने बाहीने पुसून टाकलं. मग हात पाठीमागे नेऊन बसली. भात तसाच राहिला.

“तुझी भीती तिला लागली,” पेई युन भांडी विसळताना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “शेजाऱ्यांची माती झाली तर विटा उचलून टाकता येतात. हिचं काय करशील?”

“शाळा सुरू झाली की बघू.”

“शाळा सोमवारी आहे.”

शाळा आवाराच्या फाटकाला लागूनच होती. पहिलीच्या मुलांना वर्गात घेण्याआधी तिथे लेखणी उघडण्याचा समारंभ असतो. बाई मुलाच्या कपाळावर लाल ठिपका लावतात, हातात कुंचला देतात, आणि मूल सगळ्यांसमोर आयुष्यातलं पहिलं अक्षर लिहितं: ‘माणूस’. दोन रेघा, एकमेकींना टेकलेल्या. अवघ्या दोन. यंदा समारंभाची व्यवस्था समितीकडे होती, म्हणून चू मावशी पुढे आणि त्यांच्यामागे अख्खं आवार नटूनथटून हजर होतं. गुआनकाका आणि काकू घटस्फोट लक्षात ठेवून दोन खुर्च्या सोडून बसले होते.

ताओने रात्रभर विचार करून तयारी केली होती. गोल निघालाच तर म्हणायचं, बालवाडीत असंच शिकवतात. बालवाडी बंद होती, बाई गावी गेल्या होत्या. सगळी तजवीज केली होती. तरी मुलाच्या शेजारी शाईची वाटी धरून उभं राहायचं काम बापाचं होतं, आणि त्या वाटीतली शाई काठापर्यंत येऊन परत जात होती.

चू मावशींच्या नातवाने ‘माणूस’ लिहिला. टाळ्या पडल्या. मग मीलीचं नाव पुकारलं.

कपाळावर ठिपका लावून घेऊन मीली टेबलाशी आली. बाईंनी कुंचला दिला. तिने तो घेतला आणि तशीच उभी राहिली.

“लिही बाळ,” बाई म्हणाल्या.

मीलीने ताओकडे पाहिलं.

“अगं, दोनच तर रेघा,” मागून लुओ म्हणाला. कुणीतरी हसलं. चू मावशींनी “होईल हो, होईल” म्हटलं. मीलीचा दुसरा हात आपोआप पाठीमागे गेला. तिला येत होतं. या अंगणातल्या कुठल्याही पोरापेक्षा तिला जास्त येत होतं, आणि ती बापाच्या तोंडाकडे बघत होती, हे चालेल का म्हणून. ताओच्या मनात आलं, नाही लिहिलं तर बरं. मुलगी मठ्ठ ठरेल, पण आपण वाचू. हा विचार त्याला पूर्ण ऐकू आला, शब्दन् शब्द, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की भीतीला क्षणभर जागाच उरली नाही.

“लिही,” तो म्हणाला. मग वाकून पुन्हा म्हणाला, “लिही मीली. तुला हवं तसं.”

तिने कुंचला बुडवला. एक रेघ डावीकडे खाली, एक उजवीकडे. कागदभर मोठा ‘माणूस’ दोन पाय रोवून उभा राहिला. बाई “वा” म्हणेपर्यंत मीलीने कुंचला पुन्हा बुडवला आणि त्याच्याभोवती मोठा गोल काढला. टोक खाली, डावीकडे, वळलेलं.

पहिल्यांदा लुओचं हसू थांबलं. मग रांगेरांगेने सगळे माना उंच करून कागदाकडे बघू लागले. चू मावशी उठून कागदाजवळ आल्या. त्यांनी गोलाचं टोक निरखलं, मग वळून फाटकाच्या लाल खांबाकडे पाहिलं. तो शाळेच्या अंगणातून स्वच्छ दिसत होता.

“ताओ,” त्या म्हणाल्या, “हा गोल काढायला हिला कुणी शिकवलं?” आणि त्यांच्या नजरेत धाक होता, पण विनवणीही होती. बालवाडी म्हण, असंच जणू त्या सांगत होत्या. त्यांचीही अब्रू त्याच खांबाला टांगलेली होती.

बालवाडी हा शब्द ताओच्या जिभेवर तयार होता.

“कुणी नाही,” तो म्हणाला. “तिचाच आहे. भिंतीवरचंही सगळं तिचंच आहे. मी झोपलो होतो, आणि नंतर घाबरलो. तिची काही चूक नाही.”

लोकांना विटा आठवत असतील, रोपं आठवत असतील. मग गुआनकाकू दोन खुर्च्या ओलांडून पुढे आल्या. ताओने डोळे मिटून घेतले. पण काकू त्याच्यापाशी थांबल्याच नाहीत. त्या टेबलाशी वाकल्या.

“बाळ, हा गोल कशाला गं काढतेस?”

मीलीने आधी बापाकडे पाहिलं आणि मग सांगितलं.

“ते घर आहे. माणूस बाहेर उभा राहिला तर त्याला थंडी वाजेल.”

काकू तशाच वाकून राहिल्या. ओल आलेली भिंत, सामाईक संडास, लिफ्ट, सगळं त्यांच्या तोंडावरून हळूहळू गेलं. मग त्या सरळ झाल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, “अहो गुआन. उठा. परत लग्नाला जायचंय.”

“आजच?” काका खुर्चीतून म्हणाले. “मला जरा विचार करू द्या. चहा चांगला मिळतो हल्ली.”

एक जण हसला, पण लुओ काही केल्या हसेना. तो ताओकडे बघत बाह्या वर सारत होता. त्याच्यामागे आणखी दोघे होते. चू मावशींनी दंडावरची पट्टी सोडून खिशात घातली होती आणि त्या कुणाचंच काही ऐकत नव्हत्या. समारंभ संपल्यावर काय होणार ते ताओला स्पष्ट दिसत होतं. निदान लुओची खोली तरी त्यालाच उतरवावी लागणार होती, एकेक वीट, आणि ती सगळ्यात सोपी गोष्ट असणार होती. पळून जावं असं मनापासून वाटत होतं.

कुणीतरी त्याची बाही ओढली.

“बाबा,” मीली म्हणाली, “अजून एक लिहू?”

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. ताओने मागे वळून पाहिलं नाही. वाटी सांडू नये म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तिच्या कुंचल्याखाली नेली.